महायुद्ध टळले असते तर? – तटस्थ पोर्तुगालची साक्ष

‘हिटलरने युद्ध पेटवले, म्हणून इंग्रज भारत सोडून गेले,’ असे विधान आपल्याकडे चांगली शिकलेली माणसेही सहज करून जातात. त्यात सत्याचा अंश आहे. परंतु तेच पूर्ण सत्य मानले, तर आपले स्वातंत्र्य ही एका क्रूरकर्म्याची देणगी ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या तुरुंगवास सोसणाऱ्यांचा त्याग व्यर्थ ठरतो. म्हणूनच दुसरे महायुद्ध झालेच नसते, तर साम्राज्यांचे काय झाले असते, हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलास म्हणून सोडून देण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

युद्धाच्या उंबरठ्यावर सर्व साम्राज्यांची स्थिती सारखी नव्हती. १९३४ मध्ये अमेरिकेने फिलिपाइन्सला दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर स्वातंत्र्य देण्याचा कायदा केला होता आणि जपानी आक्रमणाचे दिव्य सोसूनही ४ जुलै १९४६ रोजी ते वचन पाळले गेले. भारतात १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली. १९३७ मध्ये मुंबई इलाख्याची सूत्रे बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाकडे गेली. याउलट इंडोनेशियात, दहा वर्षांत स्वायत्तता मिळावी अशी सौम्य मागणी करणारा अर्जदेखील डच सरकारने १९३८ मध्ये फेटाळून लावला. सुकार्नो आणि हत्ता तेव्हा हद्दपारीत दिवस कंठीत होते. काही दारे किलकिली झाली होती, तर काही आतून अडसर घालून बंद होती.

युद्धाने या दारांवर तीन आघात केले. पहिला आघात प्रतिष्ठेवर झाला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, सुमारे ८० हजार सैनिक जपानचे कैदी झाले आणि गोरा राज्यकर्ता अजिंक्य असतो हा समज आशियातून कायमचा पुसला गेला. दुसरा आघात तिजोरीवर झाला. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. धनको ऋणको झाला होता. तिसरा आघात साम्राज्याच्या दंडशक्तीवर झाला. ज्या सैन्याच्या बळावर राज्य चालत असे, त्यातील २५ लाख भारतीयांनी जग पाहिले, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंडाचा झेंडा उभारला.

हे तीन आघात वजा केले, तर काय उरते? ब्रिटन निघून गेला असता, परंतु सावकाश आणि हप्त्याहप्त्याने. सप्टेंबर १९३९ मध्ये गुंडाळून ठेवलेली संघराज्याची योजना पुढे रेटली गेली असती आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियासारखा स्वायत्त दर्जा देण्याघेण्यात आणखी कित्येक वर्षे गेली असती. फाळणी टळली असती काय? लाहोरचा ठराव मार्च १९४० चा. काँग्रेसचे नेते १९४२ पासून तुरुंगात असताना मुस्लिम लीगचे बळ वाढले, हेही खरे. परंतु तेढीची बीजे युद्धापूर्वीच पेरली गेली होती, हे विसरून चालणार नाही. इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि अल्जीरिया येथे मात्र पारतंत्र्याची रात्र बरीच लांबली असती, असे म्हणण्यास आधार आहे. हा आधार आम्हांस पोर्तुगालच्या इतिहासात सापडतो.

सालाझारचा पोर्तुगाल महायुद्धात तटस्थ राहिला. दूरच्या तिमोरवर जपानने आक्रमण केले, तेवढा भाग सोडला, तर त्याच्या वसाहती अबाधित राहिल्या. लिस्बनवर बाँब पडले नाहीत, तिजोरी रिकामी झाली नाही, सैन्याचा मानभंग झाला नाही. आणि परिणाम काय झाला? १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव मिळाले. सत्ता जिथल्या तिथे राहिली. १९६१ मध्ये अंगोलात, १९६३ मध्ये गिनीत आणि १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये सशस्त्र लढे सुरू झाले. अखेर या युद्धांना विटलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी स्वदेशातील हुकूमशाही उलथवली, तेव्हा कोठे साम्राज्य कोसळले.

गोव्याचा अनुभव आपल्या जवळचा आहे. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, आणि त्याच वर्षी कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. शेजारी स्वतंत्र भारत उभा असूनही गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. मुरगाव बंदराला युद्धाची झळ लागली ती एवढीच, की तेथे आश्रयाला आलेली शत्रुराष्ट्रांची चार जहाजे मार्च १९४३ मध्ये नष्ट झाली.

एका देशाच्या दाखल्यावरून सर्व जगाचे भाकीत करणे धोक्याचे आहे, हे आम्ही जाणतो. पोर्तुगाल गरीब होता, तेथे हुकूमशाही होती. ब्रिटनमध्ये लोकमताला किंमत होती. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. पोर्तुगालला साऱ्या जगाचा प्रवाह विरुद्ध असताना तग धरावा लागला. महायुद्ध नसते, तर तो प्रवाहच क्षीण असता. संयुक्त राष्ट्रसंघाचे व्यासपीठ नसते. जिनिव्हाचा दुबळा राष्ट्रसंघच कसाबसा चालला असता. अमेरिका आपल्या दोन महासागरांआड अलिप्त राहिली असती, सोव्हिएत सैन्य बर्लिनपर्यंत आले नसते आणि लंडन व पॅरिस हीच जगाची राजकीय केंद्रे राहिली असती. अणुबाँबही कदाचित केवळ लांबला असता, कारण युरेनियमच्या अणूचे विभाजन १९३८ मध्येच बर्लिनच्या प्रयोगशाळेत साधले होते.

यावरून आमच्या मनात एवढे निश्चित होते, की युद्धाने साम्राज्यांच्या अंताची घटका अलीकडे ओढली. अंत मात्र त्याने ठरवला नाही. तो ठरवला होता मिठाच्या सत्याग्रहाने, हद्दपारीतल्या माणसांनी आणि पेनिशच्या कोठडीतल्या कैद्याने. कोणताही आघात न सोसलेले पोर्तुगालचे साम्राज्यही शेवटी गेलेच, कारण प्रजेने त्याला मनातून नाकारले होते. आणि ती घटका अलीकडे आली, तिचे मोल कोणी मोजले? छळछावण्यांत आणि हत्याकांडांत बळी गेलेल्या साठ लाख यहुद्यांनी, आणि १९४३ च्या दुष्काळात अन्नावाचून तडफडून मेलेल्या बंगालच्या लाखो गरिबांनी. स्वातंत्र्याबद्दल कृतज्ञता जरूर बाळगावी; परंतु ती युद्धाच्या चरणी वाहू नये. आपल्या घरांतून स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टी सांगताना मुलांना हा फरक आवर्जून समजावून द्यावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.