गाठींचा क्रूस

आज आपल्याला फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत जायचं आहे. तिथे तिठ्यावर, शेताच्या बांधाला, गावाच्या शिवेवर दगडी क्रूस उभे दिसतात. ईव्ह-पास्काल कास्तेल नावाच्या धर्मगुरूंनी एकट्या फिनिस्तेर भागातले सुमारे ३००० क्रूस नोंदवले. ती सूची १९८० साली छापली गेली. हे काम एका जन्माचं आहे, हं!

या क्रूसांना ‘निरक्षरांचं बायबल’ म्हणायची एक पद्धत आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. चर्चच्या आवारातल्या मोठ्या कॅल्व्हरींना ते लागू पडेल. त्रोनोएनची कॅल्व्हरी साधारण १४५०-७० मधली. तिच्यावर ख्रिस्तचरित्र दोन थरांत कोरलंय आणि समुद्राच्या वाऱ्याने त्यातले चेहरे झिजलेत. पण वाटेवरच्या जुन्या क्रूसावर बहुधा कथाच नसते. नुसता खांब, आखूड हात. ग्रॅनाइट भरड असतो, छिन्नीखाली त्यात नाक-डोळे नीट उतरत नाहीत. बारीक नक्षीसाठी ब्रेस्टच्या खाडीकाठचा केर्सांतों हा काळपट दगड वापरत. तो खाणीतून निघताना त्या मानाने नरम असतो, पुढे कठीण होतो. मग साध्या क्रूसाचं काम काय? वाट दाखवणं, शीव सांगणं. प्रेतयात्राही तिथे घटकाभर थांबे.

आता खरा प्रश्न. काही क्रूसांच्या खांबाला खालपासून वरपर्यंत गाठी असतात. लोक त्याला ‘क्रोआझ आर व्होसेन’, म्हणजे प्लेगचा क्रूस म्हणतात. त्या गाठी म्हणजे प्लेगच्या गाठी! कलेचे अभ्यासक म्हणतात, तसं नाही. या छाटलेल्या फांद्यांच्या खुणा आहेत. क्रूस म्हणजे जीवनवृक्ष, ही कल्पना ख्रिस्ती कलेत फार जुनी.

मग खरं कोण? आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर दोन तास भांडण झालं असतं. घडवणाऱ्याच्या मनातला अर्थ तोच अर्थ, असं मानलं तर लोक चुकले. पण प्लुगास्तेल-दाउलासला बघा. १५९८ मध्ये तिथे प्लेग आला, आणि त्यानंतर १६०२ ते १६०४ मध्ये कॅल्व्हरी उभी राहिली. तिच्याही खांबाला गाठी आहेत. ज्या बाईने चार वर्षांपूर्वी आपल्या मुलाच्या काखेत गाठ पाहिली, तिला या खांबावर छाटलेली फांदी दिसली असेल? मला नाही वाटत. अभ्यासकांचं म्हणणं आकाराच्या उगमाबद्दल आहे, आणि ते बरोबर आहे. क्रूसासमोर गुडघे टेकणाऱ्याला काय दिसलं, याचं उत्तर मात्र त्यात नाही. म्हणून माहितीफलकावर ‘लोकांचा गैरसमज’ असं लिहू नये. ‘झाडाचा आकार, लोक याला प्लेगचा क्रूस म्हणतात’ एवढं पुरे.