चित्रपटांचे स्वरूपांतरण

चित्रपटांचे स्वरूपांतरण : चित्र वा ध्वनी यांचे मुद्रण एका माध्यमातून अथवा संकेतन-पद्धतीतून दुसरीत उतरविण्याची क्रिया. जुने मूकपट आज पाहता येतात ते बव्हंशी तिच्यामुळेच. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर ते नासिकला आले व १९१८ मध्ये तेथे हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. त्या काळची नायट्रेट फीत ज्वालाग्राही असून कालांतराने ती चिकट होते व अखेर तिची भुकटी होते. राजा हरिश्चंद्रची पहिले व अखेरचे अशी दोनच रिळे उरली असून तीही १९१७ मधील पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

या चित्रपटाची मूळ लांबी सु. ३,७०० फूट होती. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत, त्यामुळे वेग नेमका नसे. तो सेकंदास १६ चौकटी धरल्यास चित्रपट सु. ६२ मिनिटे चालतो, बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने मात्र ४१ मिनिटांतच संपतो व पात्रे धावू लागतात.

अंकीय रूपांतरणात हा प्रश्न पुन्हा उद्‌भवतो. क्रमवीक्षणाने प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र चित्र मिळते. ही चित्रे जोडण्यासाठी टंकलिखित आज्ञांवर चालणारी साधने वापरतात. फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग हे त्यांतील सर्वपरिचित होय. आज्ञेत वेग न सांगितल्यास ते अशा चित्रमालिकेसाठी सेकंदास २५ चौकटी गृहीत धरते. मग वरील चित्रपट सु. साडेएकोणचाळीस मिनिटांचा होतो. एकही चौकट गळत नाही, म्हणून साधन कोणतीही त्रुटी दाखवीत नाही.

केवळ धारक-संचिका बदलल्यास चित्राचा दर्जा घटत नाही. सव्यय संपीडन वारंवार केल्यास मात्र तो घटत जातो. यास्तव संग्राह्य प्रतीसाठी एफएफव्ही१ सारखे निर्व्यय संकेतन श्रेयस्कर ठरते. त्या प्रतीत मूळ चौकटीच ठेवाव्यात. दूरचित्रवाणीच्या वेगासाठी लागणाऱ्या पुनरावृत्त चौकटी फक्त प्रदर्शन-प्रतीत घालाव्यात. रूपांतरणापूर्वी व नंतर प्रत्येक चौकटीचा पडताळा-अंक काढून ताडता येतो.