तहानेचीं रूपकें

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे पाली गांव लागण्यापूर्वीं एक मोठी जुनी विहीर लागते. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ती बांधली गेली. जमिनीखालून काढलेल्या कालव्यांनीं तिच्यांत पाणी यावें, आणि तशाच एका कालव्यानें तें पुढें शेताबागांकडे जावें, अशी तिची रचना आहे. लोक तिला ‘खजाना विहीर’ म्हणतात. या नांवाच्या आख्यायिकांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष त्या शब्दाकडे आहे. पाण्याला खजिना म्हणणें हें रूपक होय. आणि खजिना म्हटला म्हणजे त्याला धनी आला, कुलूप आलें, आणि तें कोणाकरितां उघडावयाचें याचा निर्णय करणाराही आला. एका शब्दानें केवढें सांगितलें!

हा प्रदेश बालाघाटाच्या डोंगरांचा. बीड जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें २६ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण सरासरी ही कागदावरची. एक वर्ष उलटें गेलें कीं गांवेंच्या गांवें घागरी घेऊन निघतात. अशा मुलखांतील मुलांना अवर्षणावरील कविता शिकवावयाची, म्हणजे आमचा जुना प्रघात ठरलेला होता. भेगाळलेली भुई उघड्या तोंडासारखी दिसली कीं उपमा, ढगाला रुसावयास लावलें कीं चेतनगुणोक्ति, डोळ्यांतल्या पाण्यानें विहीर भरली कीं अतिशयोक्ति. वहींत नांवें लिहावीं व पुढल्या कडव्याकडे वळावें. एके वर्षीं चातकाचा दृष्टांत समजावून देत असतां त्या बाजूच्या एका विद्यार्थ्यानें नम्रपणें म्हटलें, “सर, चातक आम्ही कधीं पाहिला नाहीं, धोंडी मात्र पाहिली आहे.” वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु घरीं येतांना तें वाक्य आमची पाठ सोडीना. पाणी कोण देणार, हा प्रश्न चातकाचा आहे तसा धोंडीचाही आहे. उत्तरें मात्र निराळीं आहेत. तेव्हांपासून आमचें मत असें बनलें आहे कीं, पाण्याच्या टंचाईवरील कवितेंत अलंकाराचें नांव सांगून भागत नाहीं. त्या अलंकारानें पाण्याचा दाता कोणाला ठरविलें आहे, हें विचारलें पाहिजे.

प्रथम चातक घेऊं. ज्ञानेश्वरी १२९० सालीं सिद्ध झाली. तेव्हांपासून चातक, मृगजळ आणि पाण्याबाहेर तळमळणारी मासोळी हीं उपमानें मराठी भक्तिकाव्यांत चालत आलीं आहेत. तेथें उपमेय ईश्वर आहे. तहान हें केवळ उपमान. ‘जीवन’ या शब्दाचे पाणी व आयुष्य असे दोन्ही अर्थ असल्यामुळें श्लेषालाही आयता वाव मिळाला. पण इतिहासाच्या अभ्यासकाला येथें उपमानच अधिक बोलकें वाटतें. अपरिचित वस्तु समजावून सांगण्यासाठीं कवि परिचित वस्तु घेतो. ईश्वराचा विरह ज्यांना तहानेवरून समजावयाचा, त्यांना तहान समजावून सांगण्याची गरज नव्हती, हें उघड आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. हें ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांच्या अभंगांतील भूक-तहान नुसता अलंकार म्हणवत नाहीं.

चातकाविषयीं संकेत असा आहे कीं, तो भूमीवरील पाण्याला तोंड लावीत नाहीं. मेघाच्या थेंबाचीच वाट पाहतो. भक्ताची एकनिष्ठा दाखविण्यास याहून सुंदर उपमान मिळणें कठीण. परंतु भूमीवरचें पाणी नाकारण्याचा अभिमान, ज्याला तें घेतां येतें त्यालाच शोभतो. आमच्या गांवोगांवीं कित्येकांना भरलेल्या पाणवठ्यापासून दूर उभें केलें जात होतें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. तरी त्यांतलें ओंजळभर पाणी घेण्यास २० मार्च १९२७ चा दिवस आणि डॉक्टर आंबेडकरांचें नेतृत्व लागलें. तळें आटलें नव्हतें. तेथली तहान आभाळानें दिलेली नव्हती. म्हणूनच चातकाचें उपमान तेथें अपुरें पडतें.

दुसरें उदाहरण ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दाचें. आज तो आपल्याला कवितेंतला वाटतो. पण मराठेशाहीच्या महसुली कागदांत तो व्यवहाराचा शब्द आहे. पीक आभाळामुळें बुडालें किंवा राजकीय धामधुमीनें बुडालें, तर साऱ्यांत सूट मिळावी, एवढाच त्याचा रोकडा अर्थ. म्हणजे एका शब्दांत दोन आरोपी शेजारीं शेजारीं उभे होते. अवर्षणावरील पुष्कळ कवितांत मात्र यांतला अस्मानी अर्धाच उरतो, आणि दुष्काळ हा निव्वळ आभाळाचा कोप ठरतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनेंतील माणसें उपासानें मरत असतां हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं रवाना होतच होतें. हें लक्षांत घेतलें म्हणजे गळलेल्या अर्ध्या शब्दाची किंमत कळते.

आतां आमच्या विद्यार्थ्याची धोंडी. पाऊस ताणला म्हणजे मुलाला कडुनिंबाचा पाला गुंडाळतात, काठीला बेडूक बांधतात, आणि मेळा घरोघर पाणी मागत फिरतो. बाया त्या मुलावर पाणी ओततात व पसाभर धान्य देतात. विहिरीचा तळ दिसूं लागला असतां घागरींतलें पाणी मुलाच्या डोक्यावर ओतावयाचें! व्यवहाराच्या दृष्टीनें हा अपव्यय; काव्याच्या दृष्टीनें हें रूपक करून दाखविणें होय. घरधनीण क्षणभर मेघ होते, पाल्यांतला मुलगा धरित्री होतो. येथें दाता आभाळांत नाहीं, उंबऱ्यावर आहे. आणि ती बहुधा तीच बाई असते, जिनें पहाटे उठून ती घागर लांबून वाहून आणलेली असते.

अगदीं अलीकडचें उदाहरण शेजारच्या लातूरचें. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें. तिला ‘जलदूत’ असें नांव मिळालें. कालिदासाच्या यक्षानें मेघाला दूत केलें होतें. येथें मेघाची जागा वाघिणीनें घेतली, आणि पाणी हाच निरोप झाला. हें नांव एका अर्थीं खरें बोललें. पाणी होतें, तें दुसरीकडे होतें, आणि माणसांनीं ठरविलें तर तें येऊं शकत होतें, असें त्यानें कबूल केलें. पण तें जवळपास कां उरलें नाहीं, हा प्रश्न त्या गोड नांवाखालीं झांकलाही गेला.

अशा चिकित्सेनें कवितेची गोडी जाते, असा आक्षेप येईल. आमचा अनुभव उलट आहे. धोंडीचा अर्थ असा उलगडल्यानंतर ज्या वर्गांत पूर्वीं वह्यांची पानें उलटत, तेथें मुलें आपापल्या गांवच्या आडांचीं, तळ्यांचीं, पाणवठ्यांचीं नांवें सांगूं लागलीं. आणि कोणत्या आडावर कोणाला चढूं देत नसत, हेंही कांहींनीं खालच्या आवाजांत सांगितलें. कवितेनें एवढें बोलतें केलें, तर तिची गोडी कमी झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

पालीजवळून जी नदी बीडकडे वाहते तिचें नांव बिंदुसरा. नदीच्या नांवांत थेंब आहे आणि विहिरीच्या नांवांत खजिना. थेंबांचा खजिना होतो तेव्हां त्याची किल्ली कोणाजवळ असते, एवढा एक प्रश्न अवर्षणाची कविता वाचतांना वाचकांनीं जवळ ठेवावा, इतकीच आमची विनंती आहे.