रोग कळला, पण घरी कळवायचं कुणी?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पुरवठादाराचं काम काय, असा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी मिळाली की पावलो! पोस्टमननं पत्र पोचवावं, फोडून वाचू नये, तसंच हे. ही समजूत मी आजही चुकीची मानत नाही. पण तिची खरी परीक्षा झाली ती २०११-१२ मध्ये, ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या प्रकरणात.

आता डीएनएस म्हणजे काय? आपण नवख्या गावात पत्ता विचारतो तो चौकातल्या पानवाल्याला. इंटरनेटवर तुम्ही साइटचं नाव टाइप करता, आणि त्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा एक सर्व्हर असतो. बहुधा तो तुमच्या पुरवठादाराचाच. एस्टोनियातल्या एका टोळीनं काय केलं, तर लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर घुसवून हा पानवालाच बदलला. विचारायचं एक ठिकाण, पोचायचं भलत्याच ठिकाणी! जाहिरातींच्या फेरफारातून त्यांनी किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. शंभरावर देशांतली चाळीस लाखांच्या आसपास यंत्रं बाधित होती. शिवाय हे मालवेअर अँटीव्हायरसला अपडेट होऊ देत नसे, म्हणजे इतर रोगांनाही दार उघडं.

नोव्हेंबर २०११ मध्ये सहा जण पकडले गेले. आणि इथेच पंचाईत झाली. चोरांचे सर्व्हर बंद करावेत, तर लाखो लोकांचं इंटरनेट ठप्प. कारण त्यांची यंत्रं पत्ता विचारायला तिथेच जाणार ना! म्हणून अमेरिकी न्यायालयाच्या आदेशानं इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या ना-नफा संस्थेनं त्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवले. मुदत आधी ८ मार्च २०१२ पर्यंत होती, ती ९ जुलैपर्यंत वाढवली.

त्या स्वच्छ सर्व्हरकडे जो जो येईल तो बाधित, म्हणजे रोग्यांची यादी आपोआप तयार. पण त्या यादीत नुसते आयपी पत्ते. अमुक वेळी अमुक पत्ता कोणत्या घराकडे होता, हे सांगू शकणारा एकच, पुरवठादार. पोलिसांना चिठ्ठी घेऊन त्याच्याच दारात जावं लागतं. पत्र न फोडताही रोगी कोण हे त्याला कळत होतं, म्हणून पोस्टमनची सबब इथे चालत नाही.

काहींनी ग्राहकांना कळवलंही. पण ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इथे क्लिक करा’ असा ईमेल आला तर तुम्ही काय कराल? उडवून टाकाल. खोट्या व्हायरसची भीती घालून पैसे उकळणारे नेमकं हेच वाक्य वापरत. ९ जुलै उजाडला तरी दोन लाखांहून अधिक यंत्रं बाधितच होती, त्यांत भारतातलीही हजारो. तरी हाहाकार झाला नाही, कारण अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्यांनी त्या पत्त्यांवर स्वतःचे सर्व्हर लावून दिले. ग्राहकाचं इंटरनेट चालू राहिलं, मालवेअरही आत राहिलं. तक्रारीचे फोन मात्र टळले. माझ्या मते ही सोय होती, उपचार नव्हे.

आपल्याकडे सर्ट-इननं फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. बाधित यंत्रं शोधायची आणि पुरवठादारामार्फत ग्राहकाला कळवायचं, अशी योजना. वाट तीच. अडचणही तीच, उलट वाढलेली. आता भामटेच ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ असा फोन करतात. शेवटी ट्रायलाच जाहीर करावं लागलं, की नंबर बंद करण्याबद्दल आम्ही ग्राहकांना फोन किंवा मेसेज करत नाही.