ह्यूमर आधी अंगात होता

मागच्या महिन्यात ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये मला ऐकवलं गेलं, “तुला सेन्स ऑफ ह्यूमरच नाही!” जोक माझ्याच इंग्रजी उच्चारांवर होता आणि मी हसलो नाही, एवढाच माझा गुन्हा. घरी आलो आणि तो शब्दच खणायला घेतला.

ह्यूमर मूळचा लॅटिन, आणि त्याचा अर्थ विनोद नाहीच मुळी. अर्थ आहे ओलावा, द्रव. हवा ‘ह्युमिड’ आहे म्हणतो ना, तो याचाच भाऊ. जुनं ग्रीक वैद्यक मानायचं की शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतली ही कल्पना गॅलनने पक्की केली आणि युरोपने ती हजार वर्षांहून जास्त काळ धरून ठेवली. कुठला द्रव किती, त्यावर माणसाचा स्वभाव ठरायचा. आपणही ‘त्याचं पित्त खवळलं’ म्हणतोच की! म्हणून ‘गुड ह्यूमर’ म्हणजे मूड छान, ‘आउट ऑफ ह्यूमर’ म्हणजे बिनसलेला. यात जोक कुठेच नाही.

मग हसू आलं कुठून? एकच द्रव वाढलेला माणूस विक्षिप्त वागणार, आणि लोक त्याला हसणार. 1598 साली बेन जॉन्सनने ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक अशाच नमुन्यांवर रचलं. त्यात नट म्हणून शेक्सपिअरही होता! पुढे शब्द हळूहळू हसणाऱ्याकडे आणि हसवणाऱ्याकडे सरकला.

‘सेन्स ऑफ ह्यूमर’ रूढ झाला तो 19व्या शतकात. तेव्हापासून तो चारित्र्याचा दाखलाच झाला; नसेल तर तुमच्यात काहीतरी कमी. माझ्यावर फेकलेलं वाक्य इतकं जुनं हत्यार आहे तर.

‘ड्राय ह्यूमर’ची मला गंमत वाटते. शब्दशः बघितलं तर कोरडा ओलावा!

पण माझा लाडका जोड म्हणजे ‘गॅलोज ह्यूमर’, फाशीच्या तख्तावरचा विनोद. फ्रॉइडने 1905च्या विनोदावरच्या पुस्तकात एक किस्सा दिलाय. सोमवारी फाशीला नेला जाणारा कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. तो हसतो ते स्वतःवर, दुसऱ्याच्या उच्चारांवर नाही.

आमची पुढची मीटिंगही सोमवारीच आहे.