दुर्बळ बंधांचा इतिहास

खडीसाखरेचा खडा कोरड्या डबीत वर्षानुवर्षे आपला घाट सांभाळून असतो. त्यातल्या असंख्य रेणूंना एकत्र धरून ठेवतात ते प्रामुख्याने हायड्रोजन बंध. रेणूच्या आत काय घडते हा रसायनशास्त्राचा परंपरागत विषय. रेणूरेणूंमध्ये काय घडते हा ‘सुप्रामॉलिक्युलर’ शाखेचा. १९८७ साली पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना नोबेल मिळाले आणि या शाखेला प्रतिष्ठा लाभली.

या शाखेतले ठळक भारतीय नाव म्हणजे गौतम देसिराजू. जन्म १९५२ सालचा, मद्रासचा. पदवी मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्सची (१९७२). इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले. १९७९ ते २००९ अशी तीस वर्षे त्यांनी हैदराबाद विद्यापीठात काढली. पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. स्फटिक योजनापूर्वक घडवण्याच्या शास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९८९ साली आला.

त्यांच्या कामाला एक विसरली गेलेली पूर्वपीठिका आहे. कार्बनला जोडलेला हायड्रोजनही ऑक्सिजनशी बंध जुळवतो, असे जून सुटर या संशोधिकेने १९६२ साली लंडनमधून मांडले. १९६८ साली जेरी डॉनह्यू यांनी ते साफ नाकारले. डॉनह्यू म्हणजे वॉटसन-क्रिक यांना डीएनएच्या कोड्यात मोलाची सूचना देणारे. त्यांच्या शब्दाला वजन होते. विषय मागे पडला. १९८२ साली टेलर आणि केनार्ड यांनी ११३ स्फटिकरचना तपासून सुटर यांचे म्हणणे उचलून धरले. देसिराजूंनी पुढे या दुर्बळ बंधाचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९९९ साली थॉमस श्टायनर यांच्यासह त्यावर ग्रंथच लिहिला.

हा वाद निव्वळ पंडिती नव्हे. १९९८ साली रिटोनाविर या एड्सवरील औषधाचा अनपेक्षित, कमी विरघळणारा स्फटिक अवतरला आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच, जुळणी वेगळी!

देसिराजूंना हम्बोल्ट पुरस्कार मिळाला. २०११ ते २०१४ या काळात ते आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे अध्यक्षही होते. सुटर मात्र १९९० साली निवर्तल्या. त्यांच्या वाट्याला असा गौरव आला नाही. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे ठरले’ यांतले अंतर एका अधिकारी व्यक्तीच्या शब्दाने पुसले जाते, ते असे. साहित्याच्या इतिहासातही आपण हे पाहत नाही काय?