रक्तातली मानमोडी

१९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. जन्माची नोंद नसलेली जुनी माणसे वय सांगताना दुष्काळ, प्लेग, मानमोडी यांचाच आधार घेत. तसलाच हिशेब माणसाच्या रक्तातही लिहिलेला असतो, हे मात्र सतरा वर्षांनी कळले.

मानमोडीच्या ऐन भरात तिचा विषाणू कोणी पाहिला नव्हता. साथ गेली आणि गुन्हेगारही तिच्याबरोबर पसार झाला. धागा एकच उरला होता. त्याच सुमारास अमेरिकेत आयोवाकडील डुकरांनाही तसाच ताप आला होता. १९३१ साली रिचर्ड शोप यांनी त्या डुकरांच्या रोगाचा विषाणू हुडकला. १९३३ साली लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्ल्युएन्झाचा. मग प्रश्न आला, डुकरांतला हा विषाणू मानमोडीचाच वंशज तर नव्हे? मेलेल्यांना विचारण्याची सोय नव्हती. जगलेल्यांना विचारायचे ठरले.

विषाणूचा हल्ला होऊन गेला की शरीर त्याला ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते आणि ती रक्तात वर्षानुवर्षे राहू शकतात. रक्त थिजल्यावर सुटणारे पिवळसर पाणी विषाणूत मिसळायचे व ते उंदराच्या नाकात सोडायचे. उंदीर वाचला, तर त्या रक्तात प्रतिपिंडे आहेत असे समजायचे. बिचाऱ्या उंदरांची नावे कोणत्याच इतिहासात नाहीत!

१९३५ साली लंडनच्या मंडळींनी आणि पाठोपाठ शोप यांनी निरनिराळ्या वयांच्या लोकांचे रक्त असे पारखले. ज्यांचा डुकरांशी काडीचा संबंध नव्हता, अशा मोठ्या माणसांच्या रक्तानेही डुकरांचा विषाणू निष्प्रभ केला. दहा-बारा वर्षांखालील मुलांच्या रक्ताला मात्र बहुधा ते जमेना. म्हणजे ती मुले जन्मण्यापूर्वी तसला विषाणू माणसांतून फिरून गेला होता. मला इथे मोठ्यांपेक्षा मुलांचे रक्तच अधिक बोलके वाटते. नुसते मोठेच तपासले असते, तर रोग सर्वत्र आहे एवढेच कळले असते. कधी होता, ते मुलांच्या कोऱ्या पाटीने सांगितले.

पण यावर एक शंका निघाली, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. चाळिशीच्या माणसात प्रतिपिंडे आहेत ती त्या एका सालामुळे, की चाळीस वर्षांत झालेल्या नाना प्रकारच्या फ्लूंमुळे? वय आणि साल यांची ही गाठ एका तपासणीने सुटत नाही. पुन्हा वर्षांनी पाहावे लागते, की सीमारेषा त्याच वयावर थांबली आहे, की त्या माणसांबरोबर म्हातारी होत पुढे सरकली आहे.

ती सरकली होती. १९१८ साली मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांतून पुढे विषाणूची घडण उलगडली, आणि २००५ साली तो प्रयोगशाळेत पुन्हा उभा करण्यात आला. १९१५ साली वा त्याआधी जन्मलेल्या ३२ वृद्धांचे रक्त त्याच्याशी ताडून पाहिले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नव्वद वर्षे लोटली होती, तरी बत्तीसच्या बत्तीस जणांच्या रक्ताने त्याला ओळखले.

पुढच्याच वर्षी स्वाइन फ्लू आला. अमेरिकेत साथीपूर्वीचे साठवलेले रक्त तपासले, तेव्हा साठीपुढच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत त्याला ओळखणारी प्रतिपिंडे निघाली. लहान मुलांत एकातही नाही. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या शाळा बंद कराव्या लागल्या.